शब्दचर्चा : ‘नाही म्हणजे नाही’ की ‘नको म्हणजे नको’?

‘नो मीन्स नो’ या तीन शब्दांचं मराठी करायला मला आठवडा लागला आणि अजून ते झालेलं नाही. महाविद्यालयांत लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत तक्रार समित्यांसाठी एक पोस्टर करायचं आहे. मी पाहिलेल्या बहुतेक पोस्टरांवर ‘नाही म्हणजे नाही’ असंच छापलेलं आहे. मीही पहिल्या दिवशी तेच लिहून ठेवलं होतं. आता ते मला पटेनासं झालं आहे, म्हणून इथे विचारते.

इंग्रजीत जिथे एका ‘नो’वर भागतं तिथे आपल्याकडे तीन वेगळे शब्द आहेत. ‘घरात दूध आहे का?’ याला उत्तर ‘नाही’. ‘हा तुझा भाऊ का?’ याला ‘नव्हे’, निदान जुन्या माणसांच्या तोंडी. आणि ‘दूध घेतेस का?’ याला ‘नको’. ‘दूध नाही’ म्हटलं तर ऐकणारा पातेल्यावरचं झाकण उचलून खात्री करून घेऊ शकतो. ‘दूध नको’ म्हटल्यावर खात्री करण्यासारखं काही उरत नाही. ती माझी इच्छा आहे, तिला पुरावा लागत नाही.

पोस्टरवर ‘नाही’ आलं की नकार ही तपासून बघायची गोष्ट होते. ‘तू नाही म्हणतेस, पण खरं तर मी तुला आवडतो’ हे वाक्य कुठल्याही कॉलेजच्या कट्ट्यावर ऐकू येतं. ते ‘नाही’लाच चिकटतं. ‘मला नको’ या वाक्याला ‘नाही, तुला हवंय’ असं उत्तर देणारा माणूस मात्र ऐकणाऱ्यालाही लगेच खटकतो.

मग सरळ ‘नको’ का छापत नाही? कारण हा शब्द आपण पंगतीत झिजवलेला आहे. माझ्या आजोळी लग्नकार्यात जिलबी वाढायला मामा असायचा. पाहुण्यानं ताटावर आडवा हात धरला की मामा डाव्या हातानं तो हळूच बाजूला करायचा आणि उजव्या हातानं दोन जिलब्या टाकायचा. ‘पहिला नको लाजेचा, दुसरा रिवाजाचा, तिसरा खरा’ असं तो हसून सांगायचा. लोक कौतुकानं म्हणायचे, आग्रह करावा तर यानं. मी सात वर्षांची असताना तिसरा नको म्हणूनही झाला होता, चौथाही. मांडवामागे जाऊन उलटी झाली. आई मलाच म्हणाली, ‘नीट नको म्हणायचं ना.’ नीट नको कसं म्हणतात ते मला अजून कळलेलं नाही.

आता दुसरा प्रसंग. जिथे हे पोस्टर आधी लागणार आहे त्या कॉलेजात गॅदरिंगला फिशपाँड असतो. तिथल्या एका मुलीनं, मागे लागणाऱ्या मुलाविरुद्ध तोंडी तक्रार केली होती. तिच्या नावानं चिठ्ठी वाचली गेली : ‘तोंडानं म्हणते नको नको, डोळ्यांनी म्हणते थांबू नको.’ सभागृह कोसळलं. पहिल्या रांगेतले प्राध्यापकही हसले. मुलगी उठून गेली, आणि ‘हिला विनोद कळत नाही’ हा शेरा तिच्या पाठोपाठ दारापर्यंत गेला.

त्या ओळीकडे शब्दांच्या अंगानं बघा. दोन्हीकडे ‘नको’च आहे, पण पहिला ‘नको’ स्वतंत्र आहे, तो तिची इच्छा सांगतो. दुसरा ‘थांबू’ला जोडलेला आहे, तो आज्ञा देतो. तिच्याच तोंडचा शब्द उचलून दुसऱ्या क्रियापदामागे बांधला की तिचा नकार त्याला दिलेला हुकूम होतो. हे सुचलेल्या मुलाचा भाषेचा कान चांगला आहे, याचं मला फार वाईट वाटतं.

तर प्रश्न असा : ‘नको म्हणजे नको’ छापावं का? की हा शब्द आता इतका सैल झालाय की त्यानं काम होणार नाही?

प्रतिसाद, साताऱ्याहून

आमच्याकडे ‘नगं’. ‘नगं’ म्हटलं की विषय संपतो असं मी म्हणणार होतो, पण पंगतीत आमचेही हात तेच करतात. विदर्भात ‘नोको’ ऐकलंय. कोकणीत ‘नाका’, आणि त्याच्या समोर ‘जाय’, म्हणजे हवं. हैदराबादच्या दखनीत ‘नक्को’ आहे, तो आपल्याकडूनच तिकडे गेला. इतक्या लांब गेलेला शब्द सैल कसा म्हणायचा? तो वापरणारे सैल झालेत. छापा.

एक मात्र सुचवतो. नुसता ‘नको’ छापला तर ‘हवं’ कुठे आहे? मुलीनं नको म्हटलं नाही, म्हणजे हवं होतं, असं समजणारेच जास्त भेटतात. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलाला ‘मुलगी पसंत आहे का?’ असं विचारतात आणि मुलीला ‘तुझी काही हरकत नाही ना?’ असं. माझ्या बहिणीला असंच विचारलं होतं. ती गप्प राहिली आणि पेढे वाटले गेले. हरकत नसणं आणि हवं असणं यांत अख्खा संसार जातो.

प्रतिसाद, पुण्याहून

मी तेवीस वर्षांचा आहे. फिशपाँडमधली ती ओळ मला नवी वाटली नाही, कारण तिचा व्हिडिओंमधला अवतार मी दोन वर्षं रोज बघत होतो. ‘पिकअप आर्टिस्ट’ म्हणवणाऱ्यांचे व्हिडिओ. हे मूळ अमेरिकेतलं. पैसे घेऊन शिबिरं भरवायची, हॉटेल-बारमध्ये मुलांना घेऊन जायचं, अनोळखी मुलीशी बोलायला लावायचं. सुरुवातीला ते लाजाळू मुलांना धीर देणारं वाटतं, मीही त्यासाठीच गेलो होतो. मग शब्द येतात. ‘नेगिंग’ म्हणजे कौतुकाच्या वेष्टनात टोमणा मारायचा, म्हणजे तिचा स्वतःवरचा विश्वास हलतो आणि ती तुमचं मत सुधारायच्या मागे लागते. आणि एक शब्द आहे, त्याचं मराठी ‘शेवटच्या क्षणीचा विरोध’ असं होईल. मुलगी खोलीपर्यंत आली आणि मग नको म्हणाली, तर तो नकार नाही, पार करायची पायरी आहे, असं शिकवतात. त्या पायरीवर काय बोलायचं, किती वेळ थांबायचं, पुन्हा कुठून सुरू करायचं याची उजळणी असते. तुमच्या मामांचा ‘दुसरा नको रिवाजाचा’ वाचला आणि अंगावर काटा आला. तेच गणित.

२०१४ मध्ये ज्युलियन ब्लँक नावाच्या अशाच एका प्रशिक्षकानं मुलींची डोकी धरून स्वतःकडे ओढण्याचे व्हिडिओ टाकले होते. ऑस्ट्रेलियानं त्याचा व्हिसा रद्द केला, ब्रिटननं प्रवेश नाकारला. हे विनोदानं घेतलं जायला हवं होतं, असा त्याचा बचाव होता. मी तेव्हा शाळेत होतो, नंतर पाहिलं. पण विनोद ही ढाल तिथेही आहे, इथेही.

शब्दाबद्दल विचारायचं तर, ‘पिकअप आर्टिस्ट’ला मराठी काय? मित्र ‘प्रणयकलाकार’ म्हणतो.

मूळ लेखिकेकडून

‘प्रणयकलाकार’ नको. त्यात प्रणय दोघांचा वाटतो. आपल्याकडे ‘पटवणारा’ हा शब्द आहे आणि तो जास्त खरं सांगतो. ‘पटणे’ या क्रियापदाकडे बघा : ‘मला पटलं’. इथे पटतं ते माझ्या मनाला, दुसरा कुणी ते माझ्या वतीनं करू शकत नाही. त्यावरून ‘पटवून देणे’ झालं, त्यातही समोरच्याला कारणं द्यावी लागतात आणि शेवटी पटायचं की नाही हे त्याच्याकडेच राहतं. ‘पटवणे’ मात्र वेगळं आहे. ‘साहेबाला पटवला’, ‘पोरगी पटवली’. इथे समोरचं माणूस कर्म झालं. ‘पटली’ असं म्हटलं तरी ऐकणाऱ्याला ‘त्यानं पटवली’ असंच ऐकू येतं. तिला काय पटलं हे वाक्यात कुठेच नाही.

तुम्ही त्यातून बाहेर आलात आणि इथे लिहिलंत, याबद्दल मनापासून आभार.

प्रतिसाद, नागपूरहून (मी वकिली करते)

एक म्हण इथे अजून आली नाही याचं आश्चर्य वाटतं : ‘मौनं संमतिलक्षणम्’. लग्नाच्या बैठकीत, सोसायटीच्या सभेत, सगळीकडे चालते. या म्हणीची किंमत आमच्या विदर्भानं मोजलेली आहे. २६ मार्च १९७२ ला देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, तेव्हा तो चंद्रपूर जिल्हा होता, एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचा खटला उभा राहिला. सत्र न्यायालयानं पोलिसांना सोडलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं दोषी ठरवलं. भीतीनं हतबल होऊन शरीर स्वाधीन करणं म्हणजे इच्छा नव्हे, असा त्यांचा आशय होता. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. अंगावर जखमा नाहीत, विरोधाच्या खुणा नाहीत, हे मुद्दे मोजले गेले.

१९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यांचा मुद्दा आपल्या शब्दचर्चेचाच होता : शरण जाणं आणि संमती देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यातून आंदोलनं झाली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या अशा खटल्यात संभोग झाल्याचं सिद्ध असेल आणि स्त्रीनं ‘माझी संमती नव्हती’ असं न्यायालयात सांगितलं, तर न्यायालयानं ते गृहीत धरायचं असं ठरलं.

२०१३ च्या दुरुस्तीनं संमतीची व्याख्याच लिहिली, ती आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये आहे. शब्दांनी किंवा खुणेनं, पण निःसंदिग्धपणे आणि स्वेच्छेनं, त्या विशिष्ट कृतीसाठी दाखवलेली तयारी म्हणजे संमती. केवळ अंगानं प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं धरता येत नाही. म्हणजे ‘मौनं संमतिलक्षणम्’ या बाबतीत कायद्यानं मोडीत काढलं आहे. (लग्नाच्या नवऱ्याला मात्र त्याच कलमात अपवाद ठेवलाय, बायको अठराच्या वर असेल तर. ते मला मान्य नाही.) पाठलागाचं कलम ७८ आहे. स्त्रीनं नापसंती स्पष्ट दाखवल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क करणं हा गुन्हा. वर्तमानपत्रं त्याला ‘एकतर्फी प्रेम’ म्हणतात. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटला एका प्राध्यापिकेला भर रस्त्यात जाळलं, ती आठवड्यानं गेली, तेव्हाही बातम्यांत हेच दोन शब्द होते. त्यात प्रेम कुठलं? मी अशिलांना अर्ज लिहून देताना तो शब्द खोडून ‘पाठलाग’ लिहिते.

प्रतिसाद, ठाण्याहून

सगळं मान्य, तरी एक म्हणतो. फिशपाँड ही कॉलेजची परंपरा आहे. २००९ सालच्या एका हिंदी चित्रपटात भाषणातल्या ‘चमत्कार’च्या जागी ‘बलात्कार’ घालून अख्खं थिएटर हसवलं होतं, आपण सगळे हसलो. ‘पेपरनं रेप केला’, ‘त्या गाण्यावर बलात्कार केला’ असं पोरं रोज बोलतात. मूळ अर्थ बळानं केलेलं कृत्य एवढाच. शब्द व्यापक अर्थानं वापरला तर बिघडलं कुठे?

मूळ लेखिकेकडून

मूळ अर्थाबद्दल तुमचं बरोबर आहे. जुन्या मराठीत ‘बलात्कारानं’ म्हणजे जबरदस्तीनं, कुठल्याही बाबतीत. पण आज तो अर्थ कुणाच्या मनात नसतो. ‘पेपरनं रेप केला’ म्हणणारा मुलगा धातू आणि प्रत्यय आठवून बोलत नाही. त्याला त्या शब्दाचा आजचा धक्का हवा असतो, फक्त तो धक्का ज्यांना बसला त्यांच्याशिवाय. त्या सिनेमाला मीही हसले होते. नंतर एका कार्यशाळेत तोच प्रसंग नकला करत कुणीतरी म्हणून दाखवला आणि माझ्या शेजारी बसलेल्या मुलीनं पाण्याची बाटली इतकी घट्ट धरली की प्लॅस्टिक कुरकुरलं. सगळे हसत होते, म्हणून तो आवाज फक्त मला ऐकू आला. तेव्हापासून मला ते हसू आठवत नाही, बाटली आठवते.

या विषयावर विनोद होऊच नये असं मी म्हणत नाही. ज्यानं नको ऐकलं नाही त्याच्यावर करा. फिशपाँडची ती ओळ जिनं नको म्हटलं तिच्यावर होती. आणि परंपरेचं म्हणाल तर आग्रह हीसुद्धा परंपराच आहे.

मूळ लेखिकेकडून, दोन दिवसांनी

पोस्टरचा मसुदा ठरला. वर मोठ्या अक्षरांत ‘नको म्हणजे नको’. साताऱ्याच्या सूचनेवरून खाली दुसरी ओळ : ‘गप्प म्हणजेही नको. हवं म्हणजेच हवं.’ ‘संमती’ शब्द मी मुद्दाम टाळला. तो घेतला जातो, मिळवला जातो, काढला जातो. इस्पितळातल्या संमतीपत्रावर तर नातेवाईकही सही करतात. ‘हवं’ दुसऱ्याच्या वतीनं कुणाला म्हणता येत नाही. ‘रुकार’ (म्हणजे होकार) हा सुंदर शब्द मनात होता, पण समितीतल्या तीनही विद्यार्थ्यांना तो समजावून सांगावा लागला, म्हणून सोडला.

फिशपाँडमधून उठून गेलेल्या त्या मुलीला मसुदा दाखवला. तिनं दोन्ही ओळी वाचल्या आणि विचारलं, की ‘नको’पुढे पूर्णविराम का नाही. आता दिला आहे.

विदर्भातल्या प्रतींवर ‘नोको’ छापायचं ठरतंय, तिथल्यांनी लिहिण्याची पद्धत तपासून द्यावी. प्रती जळगाव आणि धुळ्यालाही जाणार आहेत आणि अहिराणी बोलणारं कुणी अजून इथे लिहिलेलं नाही. तुमच्याकडे ताटावर हात आडवा धरून काय म्हणतात, ते कळवा.