एक्सबॉक्स हरला तर सोनीवाले नवीन काही करतील काय?

बर्डीचा_पोट्टा:
भाऊ लोकांनो, एक्सबॉक्स बनवणारे मायक्रोसॉफ्टवाले आता आपलेच गेम सोनीच्या पीएस५ (प्लेस्टेशन ५) वर काढून राह्यले, सी ऑफ थीव्हज आला, फोर्झा होरायझन ५ आला, मंग टक्कर संपलीच ना? सोनीले रिस्क घ्यायची गरजच काय, सिक्वेल नि रिमास्टर (जुनेच गेम चकाचक करून) काढत बसतील. पीएस२ वर कसे येडचाप गेम यायचे, कातामारीत नुसता गोळा घरंगळवत न्यायचा नि समोर येईल ते चिकटवत जायचं. माझा धरमपेठचा दोस्त म्हणते, तवा कॉम्पिटिशन होती म्हणून. खरं हाय काय?

तर्रीबाज:
काहीही बे. पीएस२ तर एकटाच राजा होता. सेगानं आपला कन्सोल ड्रीमकास्ट बनवणं २००१ मधेच बंद केलं, निन्टेंडोचा गेमक्यूब सव्वादोन कोटीच्या आत अडकला, नि पीएस२ गेला १५ कोटीच्या वर. तरी कातामारी आला (२००४), कारण तवा गेम स्वस्तात बनत होता, एक आपटला तरी दुकान बंद होत नव्हतं. २०२३ मधे मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्टिव्हिजन ही गेम कंपनी विकत घेत होती, त्या कोर्ट केसमधे सोनीचे कागद नीट काळे न करताच बाहेर आले, त्यात सोनीच्या लास्ट ऑफ अस पार्ट २ या गेमचा खर्च २२ कोटी डॉलर! एवढा पैसा लागल्यावर गोळा घरंगळवायले कोण देईल?

महाल_गेमर:
खर्चाचं पटलं, पण अर्धंच. जो हरतो तो काहीतरी वेगळं करतो. गेमक्यूब चालला नाही म्हणून निन्टेंडोने पॉवरची शर्यतच सोडली आणि २००६ ला हात हलवून खेळायचा वी (Wii) कन्सोल आणला, १० कोटींवर विकला. त्याच्यानंतरचा वी यू आपटला तर स्विच आणला. जिंकणाऱ्याला असलं सुचत नाही.

तर्रीबाज:
मंग एक्सबॉक्स पण हरूनच राह्यला ना, त्यानं काय केलं? हाय-फाय रशसारखा मस्त गेम बनवणारा आपलाच टँगो स्टुडिओ मे २०२४ मधे बंद करायचं ठरवलं. हरलेल्याच्या मागं मोठा मालक असला की तो हिशोबच पाहते.

रात्रपाळी:
सोनी रिस्क घेत नाही असं नाही हो, फक्त भलत्याच जागी घेते. कॉनकॉर्ड या गेमवर वर्षानुवर्षं पैसा ओतला, ऑगस्ट २०२४ ला आला आणि दोन आठवड्यांत गुंडाळला. पैशाची रिस्क मोठी, पण कल्पना दुसऱ्यांच्या चाललेल्या हिरो शूटरचीच (वेगवेगळ्या ताकदीचे हिरो निवडून टीममध्ये गोळीबार). आणि त्याच वर्षी सप्टेंबरात आलेला सोनीचाच अ‍ॅस्ट्रो बॉट, त्यामानानं छोट्या टीमचा, गेम ऑफ द इयर घेऊन गेला. मला तरी वाटतं आता वेगळं काही हवं असेल तर छोट्या स्टुडिओंकडे बघा, बलाट्रो हा गेम एकट्या माणसाने बनवला, आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स स्टुडिओने राजी हा गेम काढला.

बर्डीचा_पोट्टा:
राजी पुण्याचा हाय?? मले वाटे बाहेरच्या कोणी बनवला. माझ्याकडं स्विच हाय, त्याच्यावर भेटते काय?

रात्रपाळी:
भेटते ना, सगळ्यात आधी स्विचवरच आला होता, २०२० मध्ये. सेल लागला की घे.