स्टॅटिक फायनल व्हेरिएबल वाचले, तरी क्लासचा स्टॅटिक ब्लॉक का चालला नाही?

प्रश्न

नमस्कार. जावामध्ये लिहिलेल्या माझ्या ‘मर्यादा’ नावाच्या क्लासमध्ये ‘कमाल’ हे स्टॅटिक फायनल इंट व्हेरिएबल आहे, त्याला घोषणेतच १०० हे मूल्य दिले आहे, आणि त्याखालच्या स्टॅटिक ब्लॉकमध्ये ‘मर्यादा सुरू झाली’ ही ओळ छापली जावी असे लिहिले आहे. दुसऱ्या क्लासच्या मेन मेथडमधून मी कमाल छापले, तेव्हा १०० आले. ती ओळ मात्र आलीच नाही. मग इंटच्या जागी फक्त इंटिजर केले, तर आधी ओळ छापली गेली आणि नंतर १००. स्टॅटिक सदस्य पहिल्यांदा वापरला की क्लास इनिशियलाइझ होतो, म्हणजे त्याची स्टॅटिक फील्ड मूल्ये घेतात आणि स्टॅटिक ब्लॉक चालतात, असे वाचले होते. मग पहिल्या वेळी काय झाले?

उत्तर १

आपण वाचलेल्या नियमाला एक अपवाद आहे आणि तो नेमका येथे लागू पडतो. जावा लँग्वेज स्पेसिफिकेशनच्या (भाषेच्या अधिकृत नियमावलीच्या) विभाग १२.४.१ नुसार क्लासचा ऑब्जेक्ट तयार होताना, त्यातली स्टॅटिक मेथड बोलावताना, स्टॅटिक फील्डला मूल्य देताना किंवा ते वाचताना क्लास इनिशियलाइझ होतो. परंतु वाचण्याच्या बाबतीत ते फील्ड कॉन्स्टंट व्हेरिएबल नसावे लागते. व्हेरिएबल फायनल असेल, त्याचा प्रकार प्रिमिटिव्ह (इंटसारखा मूलभूत) किंवा स्ट्रिंग असेल आणि त्याला घोषणेतच कॉन्स्टंट एक्स्प्रेशनने, म्हणजे कंपाइल होतानाच मूल्य काढता येईल अशा पदावलीने, मूल्य दिलेले असेल, तर ते कॉन्स्टंट व्हेरिएबल ठरते. इंटिजर हा ऑब्जेक्ट असल्यामुळे तो यात बसत नाही.

हे प्रत्यक्ष पाहायचे असेल, तर मेन असलेल्या क्लासवर जावापी हे कंपाइल झालेल्या क्लासमधल्या सूचना दाखवणारे साधन ‘सी’ पर्यायासह चालवावे. छापण्यासाठी लागणारे सिस्टिमचे आउट फील्ड आणणारी गेटस्टॅटिक ही सूचना दिसेल आणि तिच्या पाठोपाठ १०० हा आकडा थेट पुरवणारी ‘बायपुश १००’. मर्यादा क्लासचा तेथे मागमूसही नसेल, कारण १०० हा आकडा कंपायलरने आधीच तेथे उतरवून ठेवलेला असतो. कंपाइल झाल्यावर मर्यादाची क्लास फाइल पुसून टाकली, तरी प्रोग्रॅम बिनतक्रार १०० छापतो.

उत्तर २

वरील स्पष्टीकरण अचूक आहे. मात्र स्टॅटिक ब्लॉक न चालणे ही यातली किरकोळ बाब आहे. खरा उपद्रव पुढेच होतो. मर्यादा एका जार फाइलमध्ये (कंपाइल झालेल्या क्लासच्या गठ्ठ्यात) असेल आणि तिचा वापर दुसऱ्या जारमधल्या क्लासमध्ये होत असेल, अशा वेळी कमाल २०० करून फक्त पहिली जार नव्याने बांधली, तर दुसरी जार १०० च वापरत राहते. एररही येत नाही आणि इशाराही मिळत नाही. स्पेसिफिकेशनच्या विभाग १३.४.९ मध्ये हे वर्तन नोंदवलेले आहे, त्यामुळे त्याला कंपायलरचा दोष म्हणता येणार नाही.

माझ्या मते पुढेमागे बदलू शकणारे कोणतेही मूल्य पब्लिक कॉन्स्टंट म्हणून उघडे ठेवू नये; ते स्टॅटिक मेथडमधून द्यावे. फील्डच हवे असेल, तर घोषणेत मूल्य न देता ते स्टॅटिक ब्लॉकमध्ये द्यावे. फील्ड फायनलच राहते, पण कॉन्स्टंट उरत नाही. अर्थात मग स्विचच्या केसमध्ये किंवा ॲनोटेशनमध्ये ते वापरता येत नाही.

प्रश्नकर्ता

क्लास फाइल पुसून पाहिली. तरीही १०० छापले गेले. आता एक उपप्रश्न. याच क्लासमध्ये सर्वांत वर ‘एकमेव’ हे स्टॅटिक फील्ड घेऊन त्यात मर्यादाचाच नवा ऑब्जेक्ट ठेवला आणि कन्स्ट्रक्टरमध्ये कमाल छापले. कमालची ओळ त्याच्या खाली असूनही १०० मिळाले. स्टॅटिक फील्डना वरून खाली या क्रमाने मूल्ये मिळतात ना?

उत्तर १

क्रम तोच आहे, पण कॉन्स्टंट व्हेरिएबल त्या रांगेत उभेच राहत नाहीत. त्यांचे मूल्य क्लास फाइलमध्ये ‘कॉन्स्टंट व्हॅल्यू’ या ॲट्रिब्यूटमध्ये नोंदलेले असते आणि बाकीचे स्टॅटिक इनिशियलायझर व ब्लॉक सुरू होण्याआधीच ते फील्डमध्ये ठेवले जाते. शिवाय कन्स्ट्रक्टरमध्येही कंपायलरने १०० थेट लिहिलेले असते, म्हणून आपल्याला कोठेही शून्य दिसणार नाही. फायनल काढून पाहावे: कन्स्ट्रक्टर ० छापेल, कारण त्या क्षणी फील्डमध्ये केवळ पूर्वनिर्धारित मूल्य असते. फायनल ठेवून इंटिजर केले, तर नल छापले जाईल, आणि त्याच कन्स्ट्रक्टरमध्ये कमालमध्ये १ मिळवण्याचा प्रयत्न केला, तर अनबॉक्सिंग करताना, म्हणजे इंटिजरमधून इंट काढताना, नल पॉइंटर एक्सेप्शन येईल. ते इनिशियलायझेशनच्या दरम्यान आल्यामुळे बाहेर मात्र ‘एक्सेप्शन इन इनिशियलायझर एरर’ या नावाने दिसते, आणि त्यानंतर हा क्लास पुन्हा वापरायला गेल्यास प्रत्येक वेळी ‘नो क्लास डेफ फाउंड एरर’ मिळते. ही दुसरी एरर पाहून क्लासपाथ (क्लास फाइल जिथे शोधल्या जातात त्या जागांची यादी) तपासत बसू नये. लॉगमध्ये मागे जाऊन पहिली शोधावी.