मदत हवी आहे: पाच फुटी फिश टँक वर ठेवू की खाली? (चिपळूण)

नमस्कार मंडळी,

मासे पाळण्यातलं मला फारसं कळत नाही, हे आधीच कबूल करतो. आजवर आमची मजल काचेच्या बरणीतल्या दोन गोल्डफिशपर्यंतच. आता पुण्याच्या मावसभावाची बदली झाली आणि त्याने आपला टँक, स्टँड आणि आतले वीतभर लांबीचे दोन ऑस्कर जातीचे मासे आमच्या गळ्यात घातलेत. मुलगा इतका हरखलाय की नाही म्हणवेना. येत्या रविवारी टेम्पो येतोय, त्याआधी जागा ठरवायची आहे.

टँक ५ फूट लांब, दीड फूट रुंद, २ फूट उंच. काच १२ मिमी. वजनाचा हिशेब मीच मांडलाय, चुकला असेल तर सांगा. १५ घनफूट म्हणजे काठोकाठ सव्वाचारशे लिटर. वर तीन इंच मोकळे सोडले तर ३७० लिटर, म्हणजे तेवढेच किलो. काच नव्वदच्या वर, वाळू-दगड ५०, स्टँड ५०. एकूण साडेपाचशेच्या आसपास. म्हणजे आठ-नऊ धट्टीकट्टी माणसं दीड फुटाच्या फळीवर रात्रंदिवस उभी, आणि तीही न हलता.

घर असं आहे. तळमजला आजोबांचा, जांभ्याच्या चिऱ्यांचा. वरचा मजला बाबांनी १९९४ साली स्लॅब टाकून चढवला. नकाशा वगैरे काही नाही, सगळं गवंड्याच्या डोक्यात होतं आणि तो आता नाही.

तीन जागा आहेत. पहिली खालच्या ओटीवर. जमीन पक्की आहे, वजनाची चिंता नाही. पण २२ जुलै २०२१ ला या ओटीवर छातीएवढं पाणी होतं. रंग दोनदा काढला तरी भिंतीवरची ती रेघ पावसाळ्यात पुन्हा उमटते. शिवाय ओटीचा एक कोपरा गणपतीचा, तिथे दुसरं काही ठेवायची आईपुढे बात काढायची नाही. दुसरी जागा वरच्या १०×१२ च्या खोलीत, मधल्या भिंतीला लागून. तिथे आत्ता लोखंडी कपाट आहे, ते हलवायला बायको तयार नाही. तिसरी, वरची बंद केलेली गॅलरी. साडेतीन फूट रुंद, पश्चिमेकडे खिडक्या, दिवसभर उजेड, रस्त्यावरून मासेही दिसतील. मुलाचं आणि माझं मत गॅलरीला आहे. टँक नीट मावतो, मी टेपने मोजून आलोय.

जाणकारांनी सांगा, गॅलरी चालेल ना?

प्रतिसाद – कुडाळ

मासे पाळूचे आसत काय घर पाडूचा आसा?

रागावू नका. पण गॅलरी अजिबात नको. कारण कोणीतरी सविस्तर लिहीलच.

प्रतिसाद – रत्नागिरी

मी बांधकामातला आहे, तेव्हा सविस्तर मीच लिहितो. दादा, हिशेब तुमचा बरोबर आहे. फक्त तो कशाशी ताडून बघायचा ते राहिलंय.

आयएस ८७५ (इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक) च्या दुसऱ्या भागात राहत्या खोल्यांसाठी धरायचा भार आहे चौरस मीटरला २ किलोन्यूटन, ढोबळमानाने २०० किलो. तुमचा टँक पाऊण चौरस मीटरहूनही कमी जागेवर बसतो, म्हणजे चौरस मीटरला जवळपास ८०० किलो. हा आकडा वाचून घाबरू नका. तुमची १०×१२ ची खोली साधारण ११ चौरस मीटरची, म्हणजे सगळीभर पसरून २२०० किलोच्या हिशेबाची. साडेपाचशे किलो खोलीला जड नाहीत, पण ते खोलीच्या मधोमध ठेवले की स्लॅब तिथेच वाकायला बघतो. भिंतीलगत, बीमवर किंवा खालून वर आलेल्या भिंतीच्या डोक्यावर ठेवले की वजन सरळ खाली उतरतं. टँकची लांब बाजू त्या भिंतीला समांतर हवी.

म्हणून पहिला प्रश्न: वरच्या मधल्या भिंतीच्या बरोबर खाली काय आहे? चिऱ्याची जाड भिंत असेल तर तुमचं काम झालं. चार इंची विटांची आडभिंत असेल तर ती हिशेबात धरू नका.

आता गॅलरी. ती भिंतीबाहेर लोंबते, खाली आधार नाही. खोलीच्या स्लॅबमध्ये मुख्य सळ्या खालच्या अंगाला असतात, गॅलरीत त्या वरच्या अंगाला लागतात, कारण ताण वर येतो. काँक्रीट ओतताना मजूर त्यांवरून चालले आणि सळ्या खाली दबल्या, तर ती गॅलरी पहिल्या दिवसापासूनच कमजोर. आणि लादीतून मुरणारं पाणी आधी नेमकं त्याच वरच्या सळ्यांना गाठतं. तीस वर्षांची, नकाशा नसलेली गॅलरी. एकदा खाली उभं राहून वर बघा आणि काय दिसतं ते इथे लिहा.

धागाकर्ता – चिपळूण

बघून आलो. शिडी लावून बॅटरी मारली. भिंतीपासून वीतभर अंतरावर, भिंतीला समांतर तांबूस डाग आहे. त्याच्या कडेला गिलाव्याचा फुगा होता. बोट लावलं तर तळहाताएवढा पापुद्रा हातात आला आणि आत सळी. नखाने खरवडल्यावर तिचे पत्र्यासारखे पदर सुटले. याच गॅलरीत गेली पाच वर्षं आम्ही संध्याकाळचा चहा घेतोय!

मधल्या भिंतीखाली चिऱ्याचीच भिंत आहे, माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधली. दारात मोजली, गिलाव्यासकट सव्वा फूट भरली.

प्रतिसाद – रत्नागिरी

मग टँकचा निकाल लागला. गॅलरीतल्या कुंड्या आणि झोपाळा आजच आत घ्या, आणि स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवा. टँक आला नसता तरी हे करावंच लागलं असतं. त्याच फेरीत मधली भिंत आणि वरचा स्लॅबही त्यांना दाखवून घ्या, मी इथे बसून छातीठोक सांगणार नाही.

एक राहिलं. कोयनेचे धक्के तुमच्याकडे जाणवतात. ११ डिसेंबर १९६७ ची भूकंपाची पहाट तुमच्या आईंना विचारा. स्टँड अरुंद आणि उंच असेल तर त्याला एल-क्लँप लावून भिंतीत पकडा.

प्रतिसाद – गुहागर

माझ्याकडे अकरा वर्षं चार फुटी टँक आहे. वजनाचं वर आलंच, मी रोजच्या कटकटीचं लिहिते.

स्टँड कशाचा आहे? पुण्याकडचे बरेचसे स्टँड भुसा दाबून केलेल्या बोर्डाचे असतात. आपल्याकडच्या पहिल्याच पावसाळ्यात ते बिस्किटासारखे फुगतात. माझा फुगला, टँक एका बाजूला बोटभर कलला आणि मी रात्री साडेअकराला बादल्या उपसत बसले. लोखंडी अँगलचा करून घ्या, रेड ऑक्साइड आणि वर इपॉक्सी रंग. खारी हवा लागत असेल तर दर वर्षी दसऱ्याच्या सुमारास गंज बघायचा. टँकच्या तळाला फ्रेम नसेल तर खाली अर्धा इंच थर्माकोल. लेव्हल बघताना गवंड्याची पाण्याची नळी उत्तम, आणि स्टँड तिरका असेल तर फक्त कोपऱ्याखाली पुठ्ठे कोंबू नका, काच तिथेच तडकते.

पश्चिमेचं ऊन नकोच. हिरवंगार शेवाळ होतं, आणि एप्रिल-मे मध्ये पाणी इतकं तापतं की मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. वरची खोली थेट गच्चीखाली असेल तर हा त्रास तिथेही होणार, पंखा आणि एअर पंप हवाच. लाईट गेली की फिल्टर बंद, म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप आधी घ्या, रंगीत दगड मागाहून.

स्विचबोर्ड टँकच्या डोक्यावर नको. वायर प्लगपर्यंत जाण्याआधी खाली झोका घेऊन वर चढली पाहिजे, म्हणजे ओघळलेलं पाणी झोक्याच्या तळाशीच टपकतं. ३० मिलिअँपचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर बसवा. ऑस्कर फार पाणी उडवतात, वर झाकणही पक्कं हवं.

आणि त्या खोलीत डासांची कॉइल किंवा लिक्विड लावता का? त्यातली पायरेथ्रॉइड जातीची औषधं माशांना विष आहेत.

प्रतिसाद – दापोली

ओटीवर तीन फुटी चिऱ्याचा कट्टा बांधून त्यावर ठेवला तर?

धागाकर्ता – चिपळूण

ताई, स्टँड त्या बोर्डाचाच निघाला, भावाने फोटो पाठवला. तो तिकडेच ठेवायला सांगितलंय. इथल्या फॅब्रिकेटरकडे अँगलचा टाकलाय.

दापोलीकर, २०२१ मध्ये तीन फुटी कट्टाही पाण्याखालीच होता. आणि मासे वाशिष्ठीत गेले तर नदीचंही नुकसान, ऑस्कर इकडचा मासा नाही. फक्त वर ठेवायचा तर दर आठवड्याला चतुर्थांश पाणी, म्हणजे नव्वद लिटर, बदलायचं. सहा बादल्या जिन्याने चढवायच्या नाहीत म्हणून न्हाणीघरातून पाइप ओढतोय. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनचं औषध भावाकडून येतंय.

कपाट हलवायला बायको तयार झाली, गॅलरीचा पापुद्रा तिच्या हातात ठेवल्यावर. इंजिनीअर शनिवारी आले. मधल्या भिंतीला त्यांनी हो म्हटलं आणि गॅलरीला कुलूप घालायला लावलं.

धागाकर्ता – चिपळूण (बुधवार)

टँक आला. वर न चढवता आधी अंगणात, सपाट फळीवर थर्माकोल टाकून भरून ठेवलाय. ऑस्कर सध्या निळ्या पिंपात आहेत, वर जाळी बांधलीये. टँकच्या कडेने खाली वर्तमानपत्र पसरलं होतं. दोन दिवस कोरडं होतं, आज सकाळी मागच्या डाव्या कोपऱ्यात रुपयाएवढा ओला डाग. पुसून पुन्हा कोरडा कागद ठेवला, दुपारी परत तेच. टँक बारा वर्षं जुना आहे. नुसतं वरून सिलिकॉन लावून भागतं की सगळे सांधे खरवडून नव्याने भरावे लागतात? आणि चिपळूण-खेर्डी भागात हे काम नीट करणारं कोणी माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.