मदत हवी आहे: एबीआय (घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर) १.४ च्या वर, पण पावलातला प्रवाह मंद. पुढे काय मोजावे?

रुग्णाला बऱ्याच वर्षांचा मधुमेह आहे आणि टाचेवरची जखम भरत नाही. घोट्याचा एबीआय १.४ च्या वर येतो. धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचल्यामुळे कफने (रक्तदाब मोजायच्या पट्ट्याने) ती दाबली जात नसणार, म्हणून या आकड्यावर माझा विश्वास नाही. अशा वेळी अंगठ्याचा दाब घेतात, पण या पायाचा अंगठा आधीच काढलेला आहे आणि बाकीची बोटं कफ बसण्याइतकी लांब नाहीत.

डॉप्लर सोनोग्राफीत लिनियर प्रोबने डॉर्सालिस पेडिस (पावलाच्या वरच्या बाजूची धमनी) आणि पोस्टेरियर टिबियल (घोट्याच्या आतल्या बाजूमागची धमनी) दोन्ही पाहिल्या. वेव्हफॉर्म (प्रवाहाच्या वेगाची लहर) मोनोफेजिक, म्हणजे एकाच टप्प्याचा आहे, चढ संथ आहे. खोली उबदार होती, मंद प्रवाह दिसावा म्हणून मशीनचे स्केल आणि वॉल फिल्टर कमी ठेवले होते, ध्वनिलहर आणि प्रवाह यांतला कोन ६० अंशांच्या आत होता, प्रोबचा दाबही हलका होता. मांडीत मोठा अडथळा दिसला नाही. पोटरीत मात्र कॅल्शियमच्या सावल्यांमुळे सलग काही दिसत नाही. किडनी कमजोर असल्याने कॉन्ट्रास्ट देऊन सीटी शक्यतो टाळायचा आहे.

आता पेडल ॲक्सिलरेशन टाइम (पावलातल्या धमनीत लहरीचा चढ सुरू झाल्यापासून शिखरापर्यंतचा वेळ) मोजायचा विचार आहे. १२० मिलिसेकंदांपर्यंत सामान्य आणि २२५ च्या वर गंभीर, हे वर्गीकरण माहीत आहे. अडचण प्रत्यक्ष मोजण्यात आहे: शिखर गोलसर असल्याने कर्सर नेमका कुठे ठेवावा हेच ठरत नाही.

नियमित मोजणाऱ्यांनी कृपया सांगा: टाचेच्या जखमेसाठी लॅटरल प्लांटरचं (तळव्याच्या बाहेरच्या बाजूच्या धमनीचं) रीडिंग धरावं की आणखी कुठलं? आणि अशा सपाट लहरीत शिखराचा बिंदू कसा ठरवता?