इंग्रजी वाचन आणि व्याकरण : तुम्ही कसं जमवलंत?

मराठी माध्यमातून शिकलेल्या माझ्यासारख्या अनेकांना इंग्रजी व्याकरणाचे नियम येतात, पण इंग्रजी पुस्तकाचं एक प्रकरण सलग वाचून होत नाही. काळांचे बारा प्रकार तोंडपाठ असतात, 'ॲक्टिव्ह'चं 'पॅसिव्ह' करून देता येतं. बातमीतलं तीन ओळींचं वाक्य मात्र दोनदा वाचूनही हाती लागत नाही. मोठेपणी पुन्हा अभ्यासाला लागलो तेव्हा एक गोष्ट मनात पक्की झाली : वाचताना जिथे अडतो, तिथलंच व्याकरण काढून बघायचं. असं शिकलेलं टिकतं, कारण ते हवं असताना मिळालेलं असतं. सगळ्यांचं असंच असेल असं मात्र नाही. म्हणून विचारतोय. काय वाचलंत, व्याकरण कधी आणि कसं केलंत, सविस्तर लिहा. सल्ल्यापेक्षा अनुभव हवेत.

*

मी पुस्तक निवडण्याबद्दल लिहिते, कारण बरेच जण तिथेच गळतात. कुणीतरी शिफारस केलेली गाजलेली कादंबरी हातात घ्यायची, पहिल्याच पानावर वीस-पंचवीस शब्द अडायचे आणि पुस्तक कपाटात जायचं. पॉल नेशन यांच्यासारख्या वाचनाच्या अभ्यासकांनी एक प्रमाण मांडलं आहे : कुणाच्या मदतीशिवाय नीट समजून वाचायचं तर मजकुरातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत. म्हणजे पन्नास शब्दांत एक अनोळखी, तीनशे शब्दांच्या पानावर सहा. मी मधलंच एक पान उघडून अडलेले शब्द मोजते. एका हाताच्या बोटांवर मावले तर पुस्तक माझं.

सोप्या मजकुराची लाज वाटायचं कारण नाही. 'व्हॉइस ऑफ अमेरिका'ने १९५९ साली 'स्पेशल इंग्लिश' सुरू केलं ते साधारण दीड हजार शब्दांच्या मर्यादेत, आणि त्यात मोठ्या माणसांसाठीच्याच बातम्या असत. विकिपीडियाची सोप्या इंग्रजीतली आवृत्ती २००१ पासून आहे. मी एखादा विषय आधी तिथे वाचते, मग त्याच विषयावरचा मोठा लेख उघडते. विषय कळलेला असला की अवघड वाक्यंही बरीचशी वाट देतात.

*

माझी अडचण शब्दांची नव्हतीच. वाक्यातला प्रत्येक शब्द माहीत, तरी अर्थ लागत नाही, असं व्हायचं. हे उदाहरण बघा :

'द लेटर दॅट द क्लार्क हू लेफ्ट लास्ट वीक हॅड साइन्ड वॉज नेव्हर सेंट.'

मराठीत आपण म्हणू, 'गेल्या आठवड्यात नोकरी सोडून गेलेल्या कारकुनाने सही केलेलं पत्र पाठवलंच गेलं नाही.' आपल्याकडे विशेषणाचा सगळा पसारा नामाच्या आधी येतो. 'गेलेल्या कारकुनाने', 'सही केलेलं पत्र'. इंग्रजीत नाम आधी येऊन बसतं आणि पसारा मागून येतो. वाचता वाचता 'लेटर' पार मागे राहतं, मध्ये कारकून येतो, त्याचं जाणं येतं, आणि 'वॉज नेव्हर सेंट'पर्यंत पोचेतो काय पाठवलं नाही तेच निसटतं.

'रिलेटिव्ह क्लॉज' हा धडा शाळेत झालेला होता. पण तिथे दोन छोटी वाक्यं 'हू' किंवा 'विच'ने जोडायची असत. वाचणाऱ्याला नेमकं उलटं काम असतं, जोडलेलं सुटं करायचं. त्यामुळे मी लांब वाक्य दिसलं की आधी मुख्य क्रियापद शोधतो, त्याखाली रेघ ओढतो, मग त्याचा कर्ता शोधतो आणि मधला सगळा भाग कंसात टाकतो. 'लेटर वॉज नेव्हर सेंट' एवढा सांगाडा उभा राहिला की बाकीचं आपोआप जागेवर बसतं.

आणखी एक. इंग्रजीत हा 'दॅट' पुष्कळदा गाळतात. 'द लेटर द क्लार्क साइन्ड'. दोन नामं मध्ये काहीच नसताना शेजारी आली आणि त्यांच्या मागे क्रियापद आलं, की तिथे बहुधा 'दॅट' लपलेला असतो. ही एक खूण कळली आणि माझं वर्तमानपत्र वाचन खरोखर बदललं. अशा रेघा मी कितीतरी पानांवर ओढल्या. आता पेन्सिल क्वचितच लागते.

*

धागाकर्त्यांशी मी अर्धाच सहमत आहे. वाचताना अडलं तर व्याकरण बघायचं, हे ठीक. पण जे चुकीचं लिहितो ते वाचताना अडतच नाही, त्याचं काय? 'द लिस्ट ऑफ बुक्स इज लाँग' हे वाक्य वाचताना 'इज' आहे की 'आर', याने समजण्यात काही फरक पडत नाही, म्हणून डोळा त्यावरून घसरतो. स्वतः लिहिताना मात्र 'बुक्स' जवळ असल्यामुळे हात 'आर'कडे जातो. शिवाय मराठीत क्रियापद कधी कर्त्याप्रमाणे चालतं, कधी कर्माप्रमाणे : 'मी पत्र लिहिलं', 'मी चिठ्ठी लिहिली'. इंग्रजीत ते कर्त्याला सोडून कुठे जात नाही. हे नियम म्हणून समजून घ्यावं लागतं आणि लिहून घोटावं लागतं. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनी तर व्याकरणाला रोजचा वेगळा वेळ ठेवावाच, असं मी आग्रहाने सांगेन.

*

मी पुस्तक आणि त्याचंच ध्वनिमुद्रण बरोबर घेते. वाचणारा कुठे थांबतो ते ऐकलं की वाक्याचे तुकडे कुठे पडतात ते कळतं. एवढंच, पण फार उपयोगी.

*

'डायरेक्ट-इनडायरेक्ट' हा प्रकार मला शाळेत निव्वळ परीक्षेपुरता वाटायचा. कादंबऱ्या वाचायला लागल्यावर त्याचं मोल कळलं. आपण मराठीत म्हणतो, 'तो म्हणाला की मी उद्या येतो'. 'की' आला तरी 'मी' आणि 'येतो' जसेच्या तसे. इंग्रजीत 'ही सेड ही वुड कम द नेक्स्ट डे' : माणूस बदलला, काळ मागे सरकला, 'उद्या'सुद्धा बदलला. इथवर पाठ्यपुस्तकात असतं. पण कादंबरीकार पुढे 'ही सेड' किंवा 'ही थॉट' गाळतात आणि 'वुड' तेवढा ठेवतात. 'ही वुड टेल हर एव्हरीथिंग.' हे निवेदकाचं वाक्य नाही, त्या पात्राच्या मनातलं आहे. हे ध्यानात आल्यावर ज्या परिच्छेदांत कोण बोलतंय ते कळत नव्हतं, ते उलगडायला लागले. धडा जुनाच होता, पण त्याचा खरा उपयोग पुस्तकाने दाखवला.

*

निवृत्तीनंतर वाचायला लागलो. 'प्रोजेक्ट गटेनबर्ग' १९७१ पासून हक्कमुक्त पुस्तकं मोफत देतं, त्याचा मी भरपूर लाभ घेतला. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना एक सांगावंसं वाटतं. तिथली पुस्तकं बहुतेक जुनी, आणि एकोणिसाव्या शतकातली वाक्यं अर्धविरामांवर अर्धविराम घेत पानभर चालतात. ती सुंदर आहेत, मी त्यांच्यात रमतो. पण आजचं इंग्रजी लिहायला शिकायचं असेल तर सुरुवात आजच्या लेखनापासून करा.

*

माझा झगडा 'अ' आणि 'द'शी आहे. मराठीत असा प्रकारच नसल्यामुळे वाचताना हे दोन शब्द मला दिसतच नसत. यावर मी एक सराव ठरवला. आवडलेला एक परिच्छेद उतरवून घ्यायचा, पण 'अ', 'ॲन', 'द' गाळून. दुसऱ्या दिवशी मूळ न बघता ते भरायचे, मग ताडून बघायचे.

पहिल्यांदा आलं की 'अ', पुन्हा आलं की 'द', हा नियम बराच पुरतो. पण 'शी एंटर्ड अ रूम. द विंडोज वेअर ओपन.' इथे खिडक्या तर पहिल्यांदाच आल्या! पण खोली आली म्हणजे तिच्या खिडक्याही वाचणाऱ्याच्या मनात आल्याच, म्हणून 'द'. हे मला नियम वाचून कधी उमगलं नसतं, आणि नियम ठाऊक नसता तर इथे काही वेगळं घडतंय हेही जाणवलं नसतं. 'गो टू स्कूल' म्हणजे शिकायला जाणं आणि 'गो टू द स्कूल' म्हणजे त्या इमारतीत जाणं, हेही अशाच ताडण्यातून कळलं. मग ब्रिटिश लेखक 'इन हॉस्पिटल' लिहितात आणि अमेरिकन लेखक 'इन द हॉस्पिटल'.

न जुळलेली वाक्यं मी वहीत वेगळ्या पानावर ठेवते. सध्या तिथे सगळ्यात जास्त आहेत ती भाववाचक नामांची : कधी नुसतं 'नॉलेज', कधी 'द नॉलेज', आणि क्वचित 'अ नॉलेज ऑफ' अमुकतमुक. यात कुणाची गाडी पुढे गेली असेल तर कोणत्या प्रकारच्या वाचनातून गेली, तेवढं जरूर लिहा.