गावोगावी फिरून कॉम्प्युटर दुरुस्ती : एकाच फेरीत काम कसं संपवता?

गाव-वस्त्यांवर जाऊन कॉम्प्युटर, लॅपटॉप, प्रिंटर दुरुस्त करणाऱ्या सगळ्यांना आग्रहाचं निमंत्रण. आपापले अनुभव इथे मोकळेपणाने लिहा. भांडवल, जाहिरात, व्हिजिटिंग कार्ड यावर बोलणारे पुष्कळ भेटतात. मला विचारायचंय ते फेरीबद्दल. ग्रामीण भागात हा धंदा तगणार की नाही, हे माझ्या मते दुसऱ्या फेरीवर ठरतं. शहरात एखादी केबल कमी पडली तर शेजारच्या दुकानातून आणता येते. इथे त्याच केबलपायी दिवस जातो, इंधन जातं, आणि गिऱ्हाइकाला वाटतं की याला काही येत नाही. पहिल्या फेरीतच काम उरकावं म्हणून तुम्ही काय करता? निघण्याआधी काय विचारता, सोबत काय नेता, कुठे थेट नाही म्हणता? हा धंदा सुरू करायच्या विचारात असलेल्यांनीही प्रश्न विचारावेत.

दुचाकीवरून फिरणारा

माझं निम्मं निदान फोनवरच होतं. 'कॉम्प्युटर चालू होत नाही' या एका तक्रारीत चार-पाच वेगळे बिघाड दडलेले असू शकतात, म्हणून मी ठरलेल्या क्रमाने विचारत जातो. बटण दाबल्यावर पंखा फिरतो का? पडदा पूर्ण काळा आहे की काही अक्षरं येतात? बीप ऐकू येतो का? पंखा फिरतोय पण डिस्प्ले नाही, असं असेल तर रॅम (तात्पुरत्या मेमरीची पट्टी) काढून तिचे पिवळे पिन खोडरबराने पुसून परत बसवल्यावर बरीच मशीन उठतात. काहीच हालचाल नसेल तर एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) सोबत घेऊनच निघायचं.

आणखी एक प्रश्न मी हमखास विचारतो : कोपऱ्यातलं घड्याळ बरोबर आहे का? लोकांना तो विचित्र वाटतो. पण मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते, ब्राउझरला वेबसाइटची सुरक्षा-प्रमाणपत्रं अवैध वाटू लागतात आणि एकही पान नीट उघडत नाही. गिऱ्हाईक सांगतं, नेट गेलंय. एका नाण्याएवढ्या सेलचं काम असतं.

मग मशीनच्या मागच्या किंवा खालच्या लेबलचा फोटो मागवतो. मॉडेल नंबर कळला की रॅम डीडीआर३ पिढीची आहे की डीडीआर४ हे घरूनच बघता येतं. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. एम.२ एसएसडीचंही (हार्ड डिस्कच्या जागी लागणारी, पट्टीसारखी वेगवान डिस्क) तसंच. स्लॉट दिसायला सारखा असला तरी काही ठिकाणी फक्त साटा जोडणीची चालते, काही ठिकाणी एनव्हीएमई जोडणीची. हे न बघता पार्ट नेला तर ती फेरी फुकट.

पिशवीत कायम असतं ते सांगतो. चांगला चालणारा एसएमपीएस, अडीच इंची साटा एसएसडी, डेस्कटॉप आणि लॅपटॉप दोन्हींची डीडीआर३ व डीडीआर४ रॅम, सेल, साटा केबल, पॉवर कॉर्ड, यूएसबी कीबोर्ड आणि माउस, यूएसबीचे वायफाय आणि लॅन (तारेने येणाऱ्या नेटचे) अ‍ॅडॉप्टर, थर्मल पेस्ट, मल्टिमीटर. यातले बरेच पार्ट विकायला नसतात, तपासायला असतात. संशयित पार्ट काढून त्या जागी खात्रीचा लावून बघणं, यापेक्षा वेगवान निदान मला माहीत नाही.

नेट मिळेल असं गृहीतच धरायचं नाही. विंडोजच्या आणि लिनक्सच्या आयएसओ फाइल (इन्स्टॉल डिस्कची एका फाइलमधली प्रत), ड्रायव्हरचा (प्रत्येक पार्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) ऑफलाइन संच, रॅम तपासणारं मेमटेस्ट, डिस्कची हुबेहूब प्रत काढणारं क्लोनझिला सगळं पेन ड्राइव्हवर हवं. पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही, आणि विंडोजची मुख्य इन्स्टॉल फाइल बऱ्याचदा त्याहून मोठी असते. म्हणून मी वेंटॉय वापरतो, एकाच ड्राइव्हवर हव्या तेवढ्या आयएसओ राहतात. नवीन विंडोज टाकल्यावर वायफायचाही ड्रायव्हर नाही आणि लॅनचाही नाही अशी कोंडी झाली, तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा, म्हणजे फोनचं नेट कॉम्प्युटरला मिळतं. त्याला लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासूनच असतो.

आधी नोकरी, आता स्वतःची गाडी

वरच्या दादांची यादी अगदी नेमकी आहे. मला बोलायचंय ते पार्ट बदलून परत मिळत नाही अशा गोष्टीबद्दल, म्हणजे डेटाबद्दल.

खेड्यात कुटुंबाचे सगळे फोटो, दुकानाचा हिशेब, मुलांचे प्रकल्प, जमिनीच्या कागदांचे स्कॅन, सगळं एकाच हार्ड डिस्कवर असतं आणि त्याची दुसरी प्रत कुठेच नसते. त्यामुळे 'हळू चालतंय, फॉरमॅट मारून द्या' असं कोणी म्हटलं की मी आधी डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो चालवते. रिअ‍ॅलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरचे (डिस्कच्या खराब झालेल्या किंवा वाचायला अडणाऱ्या तुकड्यांचे) आकडे वाढलेले दिसले की फॉरमॅटचा विषय तिथेच थांबतो. अशा डिस्कवर पुन्हा विंडोज टाकणं म्हणजे मरणाऱ्या डिस्कला आणखी पळवणं. आधी तिची पूर्ण प्रतिमा (हुबेहूब प्रत) काढायची, डीडीरेस्क्यूसारखं साधन वापरायचं. ते वाचता येणारा भाग आधी उचलतं आणि अडणाऱ्या सेक्टरकडे नंतर वळतं. फाइल शोधायच्या त्या प्रतिमेत, मूळ डिस्कवर नाही.

डिस्क टकटक वाजत असेल तर मी फोनवरच सांगते : बंद करा आणि पुन्हा चालू करू नका. ते माझ्या हातचं काम नाही, डिस्क धूळमुक्त खोलीत उघडणाऱ्या प्रयोगशाळेचं आहे. तिथला खर्च मोठा असतो, तोही आधीच सांगते. काहींना तो परवडत नाही, आणि त्यांच्या आईवडिलांचे फोटो त्या डिस्कवर असतात. त्या फोनवर बोलताना मलाही फार जड जातं. म्हणूनच आता प्रत्येक भेटीत निघण्याआधी एक बाहेरची डिस्क घ्यायला सांगते आणि पहिला बॅकअप त्यांच्या हातून करून घेते. मी करून दिला तर तो पहिलाच आणि शेवटचा ठरतो.

नवीन लॅपटॉपवाल्यांसाठी एक सावधगिरी. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेल्या कित्येक लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. तुम्ही बायॉस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं किंवा मदरबोर्ड बदलला की पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती त्या खात्यात असते, आणि खातं उघडून दिलेला मुलगा परगावी असतो. स्क्रू काढण्याआधी ती की आहे का ते विचारा. नसेल तर चालू मशीनवरच ती शोधून कागदावर लिहून घ्या.

आणि खासगीपणा. पासवर्ड मी लिहून घेत नाही, माणसाला शेजारी बसवते आणि त्यांनाच टाकायला सांगते. बंद खोलीत एकटीने काम करत नाही, घरातलं कोणीतरी समोर असावंच लागतं. यात माझीही सुरक्षितता आहे आणि त्यांचाही विश्वास. एखाद्या घरातल्या बाईला स्वतःच्या लॅपटॉपबद्दल विचारायचं असतं, पण पुरुष कारागिरासमोर ती बोलत नाही. माझ्यासमोर ती मोकळेपणाने विचारते, आणि पुढच्या घराचं नाव बहुतेक वेळा तीच सुचवते.

मूळचा वायरमन

मी कॉम्प्युटरकडे विजेच्या बाजूने आलो, म्हणून मला ठाम सांगावंसं वाटतं. ग्रामीण भागात 'कॉम्प्युटरचा' म्हणून जो बिघाड येतो, त्यातला मोठा भाग भिंतीतल्या सॉकेटपासून सुरू होतो. झाकण उघडण्याआधी सॉकेटला मीटर लावा. फेज-न्यूट्रल किती, न्यूट्रल-अर्थ किती. न्यूट्रल आणि अर्थमध्ये बरेच व्होल्ट दिसले तर अर्थिंग खराब आहे किंवा न्यूट्रल कुठेतरी सैल आहे.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात ही तक्रार तुम्हाला प्रत्येक गावात ऐकू येईल. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून अर्थला जोडलेले असतात. अर्थच नसेल तर पत्र्यावर मेन्सच्या जवळपास निम्मं व्होल्टेज तरंगतं. करंट अगदी कमी असतो, पण मॉनिटर किंवा प्रिंटरची केबल जोडताना पोर्ट उडवायला तो पुरतो. नवा एसएमपीएस बसवून काही उपयोग नाही, अर्थिंग करून घ्यायला लागतं.

एसएमपीएस तपासायचा तर १२ व्होल्टची लाइन लोडवर मोजा. मानकाप्रमाणे ५ टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६. रिकाम्या एसएमपीएसवर आकडा छान दिसतो आणि लोड आला की बसतो.

इन्व्हर्टरवर चालणारं मशीन वीज गेल्याक्षणी बंद पडतं, असं कोणी म्हणालं तर इन्व्हर्टर कसला ते बघा. स्क्वेअर वेव्हचा (चौकोनी लाटेची वीज देणारा) असेल तर अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (वीज नीट वापरून घेणारं सर्किट) असलेले काही एसएमपीएस तो स्वीकारत नाहीत. प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लाट देणारा, लागतो.

आणि विजांचे दिवस. माणसं प्लग काढतात पण राउटरकडून आलेली लॅन केबल तशीच ठेवतात. लाट तांब्याच्या कुठल्याही तारेतून आत शिरते. अशा दिवसांनंतर लॅन पोर्ट गेलेली मशीन रांगेने येतात. बाकी बोर्ड धड असेल तर यूएसबी लॅन अ‍ॅडॉप्टर लावून द्या, मदरबोर्ड बदलायला लावू नका.

दोन जोडधंद्यांतला हा एक

पैशांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. येण्याजाण्याचा आकार वेगळा आणि दुरुस्तीचा वेगळा, हे मी फोनवर बोलतानाच सांगतो. मशीन दुरुस्त झालं नाही तरी येण्याचा आकार घेतो. सुरुवातीला लोक नाराज होतात. पण तो घेतला नाही, तर प्रवासाचा खर्च नकळत दुरुस्तीत घुसतो आणि मग नको असलेला पार्ट विकायचा मोह होतो. एकाच दिशेची कामं एका दिवशी लावतो, ज्याला थांबायला जमतं त्याला येण्याचा आकार कमी. पार्टचे पैसे आगाऊ. काढलेला जुना पार्ट गिऱ्हाइकाच्याच हातात देतो, मागितला नाही तरी.

शिक्षिका, गिऱ्हाईक म्हणून लिहिते आहे

मी दुरुस्ती करत नाही, पण आमच्या शाळेची संगणक खोली माझ्याकडे आहे. आधी आमच्याकडे येणारा माणूस प्रत्येक वेळी एकच मशीन 'घेऊन जातो' म्हणायचा आणि ते महिनोन्महिने परत यायचं नाही. मुलं एका कॉम्प्युटरवर तिघं-तिघं बसायची.

आता येणारा मुलगा पहिल्या दिवशी वही घेऊन आला. प्रत्येक मशीनला क्रमांक दिला, आत काय आहे ते लिहिलं, आणि दोन मेलेल्या मशीनचे चांगले पार्ट एकत्र करून एक चालू केलं. विंडोज १० चा नेहमीचा आधार (सुरक्षा अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा मला वाटलं आता सगळी खोली बदलावी लागणार. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो, आमची मशीन त्यात बसत नव्हती. त्याने हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी घातल्या, लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकली आणि दुपारभर थांबून मला शिकवलं. लिहिणं, तक्ते, टायपिंगचा सराव, प्रोग्रॅमिंगचे धडे, सगळं चालतं. जे चालत नाही तेही त्याने आधीच सांगितलं : एका जुन्या प्रिंटरचा स्कॅनर. त्यासाठी एक मशीन विंडोजवरच ठेवलं आणि नेटपासून तोडलं.

तुम्हा सगळ्यांना माझी एवढी विनंती आहे की जाताना काय केलं ते लिहून ठेवत जा. पुढच्या वेळी तुम्ही नसाल, दुसरं कोणी असेल, तरी खोली चालू राहायला हवी.

ठरलेल्या वाराला एका जागी बसणारा

घरोघरी फिरणं मी जवळपास थांबवलंय. गाव ठरलेलं, वार ठरलेला, वाचनालयाच्या एका खोलीत बसतो. लोक मशीन घेऊन तिथे येतात, घरी जातो ते फक्त नेटवर्कच्या आणि विजेच्या तक्रारींसाठी. दिवसाकाठी हातून होणारी कामं वाढली, कारण एकाच्या डिस्कचं क्लोनिंग चालू असताना दुसऱ्याचा पंखा साफ करता येतो. फिरतीत तो वेळ नुसता टक्केवारीकडे बघण्यात जातो.

ज्यांना मशीन घरी न्यावं लागतं त्यांच्यासाठी : वजनदार ग्राफिक्स कार्ड असेल तर आधी काढा, नाहीतर खड्ड्यांत स्लॉट तुटतो. कॅबिनेट आडवं ठेवा, मदरबोर्डची बाजू खाली. सुटे बोर्ड अँटिस्टॅटिक पिशवीतच.

गिरणी किंवा गोठ्याशेजारच्या मशीनची धूळ नेहमी अंगणात काढा, आणि ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. मोकळं फिरू दिलं तर बेअरिंग जातं. अ‍ॅडॉप्टरमध्ये मुंग्या, एसएमपीएसमध्ये पाल, उंदरांनी कुरतडलेल्या केबल, हे सगळं गृहीत धरून चला.

नवीन सुरुवात करणारी

मी हार्डवेअरचा कोर्स केलाय, हाताशी पैसे थोडे आहेत. वरची सगळी यादी एकदम घेणं शक्य नाही. आधी काय घेऊ? आणि कुठलं काम नको म्हणू?

दुचाकीवरून फिरणारा

ताई, चांगला स्क्रूड्रायव्हर संच, मल्टिमीटर, दोन पेन ड्राइव्ह आणि एक मोठी बाहेरची डिस्क, एवढ्यावर सुरुवात होते. त्यानंतर एक एसएसडी आणि एसएमपीएस. रॅम जुन्या मशीनमधून हळूहळू जमते. बोर्डवर सोल्डरिंग, मायक्रोसोल्डरिंग लागेल ते काम शहरातल्या एखाद्या खात्रीच्या कारागिराकडे पाठवायचं ठरवून टाका, त्याच्याशी आधीच बोलून ठेवा.

आधी नोकरी, आता स्वतःची गाडी

एक भर घालते. लॅपटॉपचा टचपॅड वर उचललेला दिसला किंवा तळ फुगलेला असेल तर बॅटरी फुगलीय. फोनवरच चार्जर काढायला आणि लॅपटॉप बंद करून बिछान्यापासून, पडद्यांपासून लांब ठेवायला सांग. काढताना धातूच्या पट्टीने उचकटायचं नाही, टोचायचं नाही. गाडीत वाळू भरलेला पत्र्याचा डबा ठेव, काढलेली बॅटरी त्यातूनच न्यायची. पायरेटेड विंडोज टाकून मागणारे पुष्कळ भेटतील, त्यांना नाही म्हण. त्यातल्या अनेकांच्या मशीनवर खरा परवाना आधीपासून असतो, मदरबोर्डशी जोडलेला. तीच आवृत्ती नव्याने टाकून नेट जोडलं की विंडोज आपणहून अ‍ॅक्टिव्हेट होतं. हे दाखवून दिलंस की तो माणूस पुढच्या वेळी तुलाच बोलावेल. तुला लागतील तेव्हा माझ्याकडच्या जॉब शीटचा नमुना आणि बॅकअपच्या सूचनांचा कागद पाठवते.