खर्जाचा गायक दुय्यमच असतो का?

ऑपेरात खर्जाच्या गायकाला राजा, पुरोहित, सैतान अशा दुय्यम भूमिकाच मिळतात, हे मत रशियन खर्जगायक फ्योदर शालियापिन यांच्याबाबत टिकत नाही. त्यांनी १९०१ मध्ये मिलानच्या ला स्काला ऑपेरागृहात संगीतकार बोइतोंच्या ‘मेफिस्तोफेले’त सैतानच गायला, पण ती शीर्षकभूमिका होती. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरागृहात १९०७ साली त्यांचे स्वागत थंडच झाले. १९२१ मध्ये मात्र तिथेच ‘बोरिस गोदुनोव’ या झारवरच्या रशियन ऑपेरात बाकीचे इटालियनमधून गात असताना त्यांनी एकट्याने रशियनमधून गाऊन श्रोत्यांना जिंकले. त्यांच्या बोरिसचे लंडनमधले १९२८ चे ध्वनिमुद्रण मी अंबाजोगाईला घरी ऐकले, तेव्हा मोबाइलच्या स्पीकरवर खालचे स्वर गळूनच जात होते (आपल्या तंबोऱ्याच्या खर्जाचेही तेच होते). हेडफोन लावल्यावर मरणासन्न झारचा, जवळजवळ बोलण्यावर आलेला आवाज कानाशी आला.